घायपातीचा मुखवटा

७ हरीण

आज दुपारी इस्तापालापाला सासरी पोचले. शोचिमिल्कोहून होडीने सकाळभराचा रस्ता, पण माझ्या पोटाचा घेर बघून होडीवाल्याने मला मधोमध बसवलं आणि तोल राहावा म्हणून समोर भोपळ्यांची टोपली ठेवली. उतरताना भोपळे कोणते आणि बायको कोणती ते नीट बघून घे, असं त्याने कियावला बजावलं. नवरा माझा सगळी वाट हसत होता.

लग्नाला वर्ष झालं तरी हे घर मी पाहिलं नव्हतं. कियाव दगड घडवतो. आमच्या गावात देवळाचं काम चाललं होतं, म्हणून आम्ही माझ्या माहेरीच राहिलो. आता बावन्न वर्षं संपून त्यांची मोळी बांधायची, नवा अग्नी पेटवायची वेळ आली आहे आणि अशा वेळी ज्याने त्याने आपल्या चुलीपाशी असावं. घर छान आहे. मागे पाण्यातली शेतं, पुढे अंगण, अंगणात माणसापेक्षा उंच मातीची कणग, आणि तिच्या डोक्यावरून दिसणारा बाभळीचा डोंगर. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या की आत एकच आहे ना गं शिलो, की सगळं माहेर भरून आणलंयस? मला हसू आवरेना.

कियावची पहिली बायको तापाने गेली. तिची मुलगी शोको चार वर्षांची आहे. ती बराच वेळ खांबाआड लपून होती, माझी शाई आणि कुंचला दिसल्यावर बाहेर आली. बाबा पोथ्या रंगवतात, त्यांनीच मला हात धरून शिकवलं. निघताना त्यांनी सालीच्या कागदाची ही लांब घडी दिली आणि वर दिवसाचं नाव घाल आणि करमलं नाही तर लिही म्हणाले. मला करमतंय, तरी लिहितेय.

९ पाणी

सुईण येऊन गेली. पोट चाचपून म्हणाली की नवं वर्ष लागल्यावर वीस दिवसांनी. पातेल्याला चिकटलेला उंडा खायचा नाही, नाहीतर पोरही आत चिकटून बसतं. सासूबाई म्हणाल्या की हिला चिकटलेला उरणारच नाही, ही पातेलंच पुसून खाते.

घरोघरी पाणी घालायला एक बाई येते. वयाने चाळिशीची, कामाला वाघीण. तिला सगळी गल्ली फुकटी म्हणते. वर्षाच्या शेवटी जे पाच बिननावाचे दिवस असतात, त्यांत ती जन्मली. त्या दिवसांत केलेलं काम वाया, भांडलं तर जन्मभर भांडण, आणि जन्मलेलं माणूस फुकट. तिला कुणी लग्नाचं विचारलं नाही, तिच्या हातचं बियाणं कुणी पेरत नाही. फुकटी आली, वाट द्या, असं पोरं ओरडतात आणि ती स्वतःच हसते. मीही हसले. ती गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

१२ गवत

वस्तीचा म्होरक्या इत्स्कावा गरोदर बायका मोजायला आला होता. आम्ही सहाजणी आहोत.

मोळीच्या रात्रीआधी सगळीकडचे विस्तव विझवायचे, मग डोंगरावर पुजारी बळीच्या कैद्याच्या छातीवर नवा अग्नी घासून काढणार. तो पेटला तर आणखी बावन्न वर्षं मिळाली. नाही पेटला तर सूर्य उगवणार नाही, आणि पोटुशी बाई जनावर होऊन माणसं खाणार. म्हणून तिला घायपातीचा मुखवटा घालून कणगीत कोंडायचं आणि बाहेर भालेवाला ठेवायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण आज इत्स्कावाने माझ्याकडे बोट करून ही एक असं म्हटलं, तेव्हा मी पोटावर ओढणी ओढून घेतली.

कियावने पहारा स्वतः मागून घेतला. मला केवढं बरं वाटलं. दुसऱ्या कुणाच्या हातात भाला असण्यापेक्षा हा बरा.

लहान पोरांना त्या रात्री झोपू द्यायचं नाही, नाहीतर त्यांचे उंदीर होतात. शोकोने जेवताना मला विचारलं की मला झोप लागली आणि मी उंदीर झाले तर तू मला खाशील का. सगळे हसले. मी तिला जवळ घेतलं.

१ जग्वार

सासूबाईंनी आज मुखवटा केला. घायपातीचं जाड पान उभं चिरून, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला भोक नाही. चीक लागून त्यांचे हात लाल झाले तरी त्या कुणाला मदत करू देईनात. मागच्या मोळीला तुमच्या ओळखीतलं कुणी कणगीत होतं का, असं मी सहज विचारलं.

त्यांची आई होती. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या, अंगणात जाग्या. मावशी दर थोड्या वेळाने त्यांना चिमटे काढत होती. अग्नीला उशीर झाला. कणगीतल्या भुशाने आईला खोकला लागला आणि तो पानाआडून काही वेगळाच ऐकू आला. एक माणूस म्हणाला की ही गुरगुरतेय. दुसऱ्याने दाणे काढायच्या भोकातून भाला घातला. त्यानंतर एक भाकरी भाजेल एवढ्याही वेळात डोंगरावर अग्नी दिसला आणि लोक नाचू लागले. सकाळी कणग उघडली.

त्या म्हणाल्या, लोक अजून सांगतात की तिचं रूप फिरायला लागलं होतं. मी पाहिलं ना. हात म्हणजे हातच होते, रोज मला भाकरी देणारे.

मग त्या मला म्हणाल्या की तू आत गेलीस की आवाज काढायचा नाही. शिंक आली तर ओठ चाव. भाला कुणाचा होता ते मी विचारलं. त्यांच्या वडिलांचा.

३ गिधाड

कियाव माझ्याकडे बघत असतो. मी मिरची वाटत होते तर तो माझ्या नखांकडे बघत होता. मी वाढलेलं ताट त्याने शोकोकडे सरकवलं, भूक नाही म्हणाला. काल इत्स्कावाने सगळ्या पहारेकऱ्यांना बोलावलं होतं. आधी भूक वाढते, मग नखं, मग आवाज बदलतो, असं काहीतरी त्याने सांगितलंय. भूक तर कुठल्या पोटुशीची वाढत नाही?

मी नखं दगडावर घासून काढली, बोटांतून रक्त येईपर्यंत. भीती वाटते. त्याची वाटते, आणि मध्येच माझीही वाटते.

४ हालचाल

मोळीला जुनं काही घरात ठेवत नाहीत, म्हणून चुलीचे तीन दगड तळ्यात टाकले, मडकी फोडली, पाटा-वरवंटा बुडवला. चूल विझवली. शोको तिच्या मातीच्या कुत्र्यासाठी रडली, तोही गेला. आता पाच दिवस शिळी भाकरी आणि गप्प बसणं.

बिननावाचा पहिला दिवस

रस्त्यावर कुणी नाही. दारं बंद. हात चालवायचे नाहीत म्हणतात, मी पाठ करून लिहितेय.

कियाव अंगणात झोपला.

बिननावाचा तिसरा दिवस

पहाटेपासून कंबरेत कळ. थांबते, परत येते. अजून विसावर दिवस आहेत, असं कसं होईल?

आज जन्मलं तर फुकटं. मुलगी झाली तर पाणी घालत फिरेल आणि पोरं मागून ओरडतील. नको. दोन दिवस आवळून धर बाळा, फक्त दोन दिवस.

सासूबाईंनी विचारलं की कंबर धरून का चालतेस. चटई टोचली म्हणाले. ओढणी घट्ट गुंडाळली आणि पाय जवळ घेऊन पडून राहिले. संध्याकाळी कळ गेली. मी आनंदाने रडले.

बिननावाचा चौथा दिवस

परत आली, कालच्यापेक्षा जोरात.

आता कळलं मी काय करून बसले ते. काल बोलले असते तर आजपर्यंत सुटले असते. फुकटं तर फुकटं, जिवंत तर असतं. आता उद्या कणगीत, आवाज न काढता —

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला शिव्या घातल्या आणि तशाच सुइणीकडे धावल्या. तिने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली की या दिवसांत मी कुणाला हात लावणार नाही, पाय बांधून निजव. मग त्या इत्स्कावाकडे गेल्या, हिला तेवढी कोंडू नका म्हणून पाया पडल्या. तो म्हणाला की मोळीच्या तोंडावर जिला कळा येतात, तिचंच आधी फिरतं. आमच्या कणगीवर आता तीन भाले.

सासूबाई येऊन माझ्याजवळ बसल्या. मी त्याच्यापुढे तोंड उघडायलाच नको होतं गं पोरी, असं म्हणत राहिल्या. मीच त्यांचे डोळे पुसले.

बिननावाचा पाचवा दिवस

दुपार. पळायचं ठरवलं. होडीपर्यंत गेले. कियाव तिथे बसला होता. त्याच्या पायाशी बसून सांगितलं की मला शोचिमिल्कोला ने, बाबांकडे, मी तुझ्या पोराची आई आहे. तो म्हणाला की तिथेही कणगी आहेत, शिलो. मग तोंडात कापड घालून रडला. मला उचलून परत आणलं.

मुखवटा बांधला. चीक डोळ्यांत जातो. सासूबाईंनी गाठ मारताना माझ्या मुठीत चिंधी कोंबली. चाव, म्हणाल्या.

आत आहे. वरची फळी बसवली. भुसा, अंधार. खाली दाणे काढायचं भोक आहे, तेवढ्यातून थोडं ऊन. कागद, शाई, कुंचला पोटाशी लपवून आणलं.

कळ. पानाखालून चिंधी तोंडात सरकवली, चावली. आवाज नाही केला.

ऊन तांबडं झालं. शोको बाहेर मोठ्याने विचारतेय की आई कधी बाहेर येणार. आज पहिल्यांदा आई म्हणाली.

कळ — दोन कळांमध्ये आता श्वास घ्यायलाच वेळ मिळतो.

ऊन गेलं. अंदाजाने लिहितेय, रेघेवर रेघ पडत असेल. अग्नी मध्यरात्री. अजून किती आहे, किती —

पाणी गेलं. सगळा भुसा ओला. त्यांना वास आला. एकजण म्हणाला की हा कसला वास. कियाव म्हणाला की बाळंतपणाचा. इत्स्कावा म्हणाला की तू कधी जनावराचा घेतलायस?

आवाज झाला माझा. एकदाच. पानाआडून तो मलाही माझा वाटला नाही.

कियाव भोकाशी वाकून विचारतोय की शिलो, बोल काहीतरी, माझ्या मुलीचं नाव सांग. सांगितलं. शोको, शोको. पानाला तोंड नाही. बाहेर सगळे मागे सरकल्याचं ऐकू आलं.

मुखवटा काढू का? काढला तर — नाही. मग त्यांना खात्रीच पटेल.

एक सुचलं. जनावर चित्र काढत नाही. एक पान फाडते. उकिडवी बाई, खाली बाळाचं डोकं, वर माझ्या नावाचं चिन्ह, कोवळं कणीस. कियावला ओळखता येतं, लग्नाआधी मी त्याला हेच कणीस काढून पाठवायचे. ओळखेल तो. बाबा, हात स्थिर राहू दे माझा.

दिलं. भोकातून सरकवलं. त्याने घेतलं. त्याची बोटं लागली मला, गार. आता कळेल. आता त्याला —

डोकं हाताला लागतंय. केस आहेत. बाळाला केस आहेत, कियाव.

ते बोलतायत. सगळ्या गावात एक ठिणगी नाही. कागद डोळ्यांशी धरून तो म्हणतोय की काही दिसत नाही, काळं काळं काहीतरी आहे.

इत्स्कावा म्हणाला की ओरखडे आहेत, नखांचे.



कियाव बोल ना —

भोकाशी भाल्याची दांडी घासल्याचा आवाज आला. कळ येतेय, मोठी, मी ओरडणार नाही, चिंधी सापडत नाही, मी ओरडणार नाही मी ओर