बोलण्याची कार्डे बंद करून मुलीच्या शाळेचे नाव कळविणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

अर्जदार : नितेश चंद्रभान गावंडे, धंदा काळीपिवळी जीप चालक, मु. आसरगव्हाण, दर्यापूर रोड.

विषय : (१) शाळेत बोलण्या-ऐकण्याची कार्डे खेळविणे कायमचे बंद करणे. (२) माझी मुलगी कु. आचल, इयत्ता सातवी, हिचे नाव सध्या कोणत्या शाळेत आहे ते कळविणे.

संदर्भ : शाळेचे नाव सांगता येत नाही, असे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी दर्यापूर-अकोला रोडवर जीप चालवतो, बारावी पास आहो, आणि हा अर्ज कोणाकडून लिहून न घेता स्वतः लिहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

१. आमच्या गावच्या शाळेत पौर्णिमा मॅडम सातवीला शिकवतात. पोरांनी धीटपणे बोलावे म्हणून त्यांनी कार्डे काढली. बिस्किटाच्या डब्यातून पोराने डोळे मिटून एक कार्ड उचलायचे आणि त्यावरच्या प्रश्नावर उभे राहून बोलायचे. समोर बसलेल्याने मध्ये तोंड घालायचे नाही. बोलणे संपले की त्याने "मी ऐकले की" म्हणून ते जसेच्या तसे परत सांगायचे. मग घरी जाऊन मायबापाला सांगायचे, हा गृहपाठ. म्हणजे घरातले शाळेत आणि शाळेतले गावात, असा हा कारभार. माझा सुरुवातीला आक्षेप नव्हता, कारण मले काही माहीतच नव्हते.

२. आचलच्या हाती कार्ड आले, "तुमच्या घरात सर्वांत मोठा आवाज कशाचा?" बाकीच्या पोरांनी मोटारपंप, मिक्सर, बकरी असे सांगितले. आचलने सांगितले, "माह्या मायचं डोकं भिंतीले लागते, त्याचा." समोर पायल नावाची मुलगी होती. तिने ते वर्गात परत सांगितले आणि संध्याकाळी तिची आई आशाबाई हिला सांगितले. आशाबाईने पुढे काय केले ते वेगळे लिहायला नको. दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाया माझ्या जीपमध्ये बसेनात. माझी गाडी रिकामी, आणि मागच्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून चालल्या.

३. सदर विधान खोटे आहे. माझी पत्नी संध्या हिचे डोके कार्डाच्या आदल्या रात्री भिंतीला लागलेच नव्हते, दाराच्या चौकटीला लागले होते. चौकट सागाची असून तिचा एवढा आवाज येत नाही. भिंतीला लागले ते त्याच्या आधी कधीतरी. शिवाय मीच तोंडावर पाणी मारून तिला शुद्धीवर आणले, हे पोरीने सांगितले नाही. सांगायचे तर पुरते सांगावे.

४. मी घरी येऊन आचलकडे शांतपणे विचारणा केली. ती बोलेना, म्हणून गाडीचा जुना फॅनबेल्ट घेतला. एरवी वर्गात चुरुचुरु बोलते, अन् बापापुढे दातखीळ बसते काय? मी म्हटले, "पुन्हा शाळेत तोंड उघडशील तर जीभ कापीन." तवा ती भिंतीशी बसली, तोंडातले रक्त ओढणीले पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी ऐकले की, मी पुन्हा शाळेत तोंड उघडलं तर बाबा माझी जीभ कापतील." साहेब, माझे डोके फिरले. कोणाचेही फिरले असते. त्यानंतरचे मला नीट आठवत नाही. तिचा उजवा कान गेला असे दवाखान्याच्या कागदावर आहे, ते मी अमान्य करतो. मी दारात नुसता खाकरलो तरी ती दचकत होती.

५. सकाळी शाळेत गेलो. गाडीतून उतरताना जॅकचा दांडा हातात राहून गेला होता. मॅडमने दार लावले, ते मी लाथेने उघडले. त्यांनी डबा पोटाशी धरला. द्या म्हटले, दिला नाही, म्हणून हातावर मारले. हात मोडला यात मॅडमच्या हट्टाचा वाटा मोठा आहे. कार्डे मी मैदानात पेटवली आणि पोरांना सांगितले की, जो तोंड उघडेल त्याच्या मायले याच आगीत घालीन. पोलीस आले तेव्हा मोठी माणसे गप्प राहिली, हे त्यांचे शहाणपण. पण पोरे एकामागे एक उभी राहिली आणि "मी ऐकले की" करून माझा शब्द न शब्द सांगितला. एकही चुकला नाही. याले शिक्षण म्हणतात काय?

६. जामिनावर सुटून आलो तर घर रिकामे. संध्या पोरीला घेऊन, शाळेचा दाखला काढून निघून गेली. माहेरी नाही, याची मी तिच्या भावाचे दार तोडून खात्री केली. अकोल्यात आहे, एवढे त्याने शेवटी सांगितले. आपण लिहिता की मुलीच्या जिवाला धोका आहे. कोणापासून, ते लिहिले नाही. मी बाप आहो. मले तिला एकदा समोर बसवून विचारायचे आहे की तू माझ्या अब्रूचे काय केले. तिच्या मायचे मग पाहू.

७. सबब, आठ दिवसांत शाळेचे नाव कळवावे. मात्र हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, म्हणून विषयातील पहिली मागणी मी मागे घेत आहे. कार्डे बंद करू नयेत. उलट अकोल्यातल्या सगळ्या शाळांत रोज खेळवावीत, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आपण नाव दिले नाही तर मी एकेका शाळेच्या कंपाउंडबाहेर जीप लावून, इंजिन बंद करून बसेन. पौर्णिमा मॅडमने तिला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलायला शिकवले आहे. मला रस्त्यावरून आवाज ओळखू येईल.

आपला नम्र, आणि कायद्याने अजूनही आचलचा बाप,
(सही)
नितेश चंद्रभान गावंडे
आसरगव्हाण, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : दाराच्या चौकटीचा फोटो, जामिनाच्या आदेशाची झेरॉक्स, आचलचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो.