एबरविनच्या चाली

मठाधिपती डीटमार, म्हणजे माझ्या भाच्या,

सन १३३१, संत मायकेलच्या सणानंतरचा मंगळवार. दुपारच्या प्रार्थनेची घंटा वाजत असताना तू राजपुत्र एबरविनच्या गाण्यांची वही शाई खरवडून पानं कोरी करायला दिलीस.

राजपुत्र निपुत्रिक गेला आणि त्याचं राज्य शेजाऱ्यांनी वाटून घेतलं. त्याची म्हणून ही एकच वही उरली होती. तो चाली बांधायचा, पण त्याला स्वर लिहिता येत नसत. ते मी लिहायची. नन्सनी मला छड्या मारून तेवढं तरी शिकवलं होतं.

"आत्या, चामड्याची पानं मिळतात कुठे?" तू म्हणालास. "शिवाय त्यांवर त्याच्याच आत्म्यासाठी प्रार्थना लिहितोय. त्याला गाणी हवीत की स्वर्ग?"

"त्याला विचारलंस?"

"तुला पाठ असतील की सगळी!" तू हसलास.

शब्द पाठ आहेत रे. चाली पानावर उतरल्या म्हणून मी निर्धास्तपणे विसरले. आता कोणी गाऊन दाखवायचं म्हटलं, तर जगात कोणीच नाही.

माझी खोली आणि माशांचं सूप तुझ्या मठाच्या कृपेचं. म्हणून याआधीची दोन पत्रं मी मेणाच्या पाटीवर लिहून पुसली. हेही उद्या पुसेन. तरी बजावते: अजून न खरवडलेली आठ पानं उरलीत, ती परत कर. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाआधी मला लेखी उत्तर हवं. आणि ते त्या पानांवर लिहू नकोस.

तुझी आत्या,
मेख्टिल्ड