फुगेवाली कलेजी

१७ ऑगस्ट

दानशूर बंधुराजांस,

इकडे ठीक. वहिनीला आणि चिमीला आशीर्वाद. तुला मागाहून देईन, आधी ऐक.

जंतांची गोळी द्यायला आलेल्या पशुवैद्याला तू कसं पिटाळलंस, ते अर्धं पान भरून कळवलंयस. काय तो पराक्रम! 'खराब कलेजी गिऱ्हाइकाच्या पिशवीत कधी घातली नाही,' म्हणे. खरंय. पाण्याचे फुगे असलेली कलेजी निघाली की तू ती सुरीनं बाजूला सारतोस आणि दुकानाच्या पायरीवर बसलेल्या साहेबाला टाकतोस. वर म्हणतोस, "हा कुत्रा माझ्या काळजाचा तुकडा, मग त्याला काळजाचा तुकडा नको?" या विनोदावर आजवर तू एकटाच हसलायस.

अरे अकलेच्या कांद्या, त्या फुग्यांत जंतांची बीजं असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे जंत होतात, जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात. चिमी साहेबाच्या गळ्यात पडते आणि त्याच हातानं बिस्किट खाते. मग तस्साच फुगा माणसाच्या काळजात वाढतो. वर्षानुवर्षं दुखतसुद्धा नाही.

इथे एक बाई आहे. पोट जड वाटतं म्हणून तपासायला गेली, तर यकृतात हा एवढा फुगा. सर्जननं विचारलं, "घरी कुत्रा होता? कुणी खाटीक?" बाईला हसू आलं. लग्नाआधी ती भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, साहेबाच्या आईला मांडीवर घेऊन. त्या कुत्रीलाही भाऊ कलेजीच टाकायचा. तोही स्वतःला फार उदार समजतो.

सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. फुगा आत फुटला तर जिवावर बेतेल, म्हणाले. बाई तशी धीट, पण कालपासून तिला जेवण जात नाही. भीती वाटते रे.

तू येऊन रडू नकोस, तुझं रडणं मला बघवत नाही. यायचंच तर आधी त्या पशुवैद्याचे पाय धर, साहेबाला गोळी दे आणि पुढेही तो सांगेल तेव्हा देत जा. फुगेवाली कलेजी जाळ, नाहीतर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी खोल पूर. चिमीला साबणानं हात धुवायला लाव आणि तिचं पोट तपासून घे. एवढं केलंस तरच तोंड दाखव.

दार उघडंच असेल.

तुझी,
ती एक बाई
(लहानपणी तू ताई म्हणायचास)