टाकीच्या झाकणावरची पिशवी

मंगळवार, नेरे

खरं सांगितल्यावर आईला ओरडा बसणार असेल, तर सांगावं का? जेवणापर्यंत मला ठरवता येत नव्हतं.

बाबा सांभाळतात त्या फार्महाऊसचा गवत कापायचा जुना ट्रॅक्टर थोडा चालून बंद पडत होता. रविवारपर्यंत लॉन झालं नाही तर मालक काम दुसऱ्याला देणार होते. बाबांनी कार्बोरेटर दोनदा धुतला. आज पेट्रोल बघायला त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. झाकणावर दुधाची पिशवी होती, रबर लावून घट्ट. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून आईने बांधलेली. झाकणातलं हवेचं भोकच बंद, मग पेट्रोल खाली उतरणार कसं! पिशवी मी गुपचूप खिशात घातली. अख्खं लॉन कापून झालं.

“बघ, धुतल्याचा गुण,” बाबा म्हणाले.

आईचं वेगळंच. “पिशवी कुठं गेली गो? पानी जाईल ना.”

घरातली पहिली पदवी माझी, म्हणून खरं सांगायचा मक्ताही माझाच?

जेवताना पिशवी ताटाशेजारी ठेवून सांगून टाकलं. बाबा आईकडे वळले. “मी त्याचं नाक साफ करतोय, आन तू तोंड दाबून धरलंस?”

आईच आधी हसली. मग मी जाऊन झाकणावर रिकामा डबा उपडा घालून आले. सैल.