आईला इकडे आणण्याबद्दल

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आमची नगरपालिका आता या भागातली सगळ्यात मोठी झाली, ज्या शहराचं हे उपनगर, त्यालाही मागे टाकलं. रोज नव्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांना नंबर देण्याचं काम माझ्याकडे. तीच मी परवा बाजारातून येताना भलत्याच इमारतीत शिरले आणि कुलपात किल्ली फिरवत बसले. एका आजीबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, "या आठवड्यातल्या तुम्ही तिसऱ्या. आलाच आहात तर एवढी बरणी उघडून द्या." दिली उघडून.

हसू आलं, पण जिना उतरताना आईच डोळ्यांपुढे होती. तिला इकडे पाठवू का, असं तू विचारलंस. तिथे ती रस्ता चुकली, तर कुणीही हाताला धरून तुझ्या दारात आणून सोडतं. इथे ती कुणाची, हे कुणाला ठाऊक असणार? आणि मी दिवसभर कामावर.

तेव्हा तिला तिथेच राहू दे. तू थकली आहेस, हे न लिहिताही कळलं. मी दोन महिन्यांची रजा घेतली आहे. साहेब कुरकुरले, "तोवर नव्या घरांचं काय?" म्हटलं, "राहतील बिननंबराची." मी आले की तू लेकीकडे जा आणि पोटभर झोप काढ.

आईला रोज सांगत जा, धाकटी येतेय. कोण धाकटी असं तिने विचारलं, तरी सांगत जा.

तुझीच,
धाकटी