वाम म्हणजे डावं

अहो,

तुमचे रिपोर्ट घेऊन आले. हृदय ठणठणीत आहे! छातीतली जळजळ आम्लपित्ताची. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची झडप असते; मज्जातंतू तिला नको तेव्हा सैल व्हायचा इशारा देतात आणि आम्ल वर येतं. डॉक्टर म्हणाले, जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं नाही आणि झोपायचं ते डाव्या कुशीवर.

आपल्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई ओरडल्या होत्या, "नंदू, वामकुक्षी करतोस ना? मग वाम म्हणजे डावं रे!" तुम्ही मात्र रेडिओकडे तोंड करून कायम उजवीकडे. आत्ताही तसेच घोरताय. इतक्या दिवसांनी शांत झोपलात, म्हणून उठवलं नाही.

आशुतोषला फोन केला, तर पोरगा हसता हसता रडला. सेक्टरातल्या देवळात मीही रडून घेते, मग येते.

वैजयंती