पांढऱ्या पाकिटातलं येसर

प्रिय रूपाली,

जयभीम. फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून मुद्दाम लिहायला बसले. इकडे मुरुडात सगळं ठीक आहे. माझं मन तेवढं थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण तुझी नांदेडची मसाल्याची कंपनी आहे.

परवा माझ्या अंगणवाडीत तुमची एक मुलगी आली होती, उज्वला नावाची. फार गोड बोलणारी माणसं मला आधीच खपत नाहीत. नवीन माल काढण्याआधी कंपनी लोकांना चाखवून बघते म्हणे. तिच्याजवळ आमटीच्या येसराची तीन पांढरी पाकिटं होती. नाव नाही, गाव नाही, नुसते गोल, चौकोन आणि त्रिकोण. तिन्हींची आमटी केली. गावातल्या बायकांनी तिन्ही वाट्यांना छान म्हटलं. पाहुणीनं आणलेल्या पदार्थाला आपल्याकडे कोणी नावं ठेवत नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार? ती आपली कागदावर भराभर खुणा करत होती.

त्रिकोणाची वाटी तोंडाला लावली आणि पुन्हा एकदा चाखून बघितली. त्यात भाजलेलं कारळं होतं. येसर घरोघर होतं, पण त्यात मूठभर कारळं आपली आईच घालायची. ते तुला नि मलाच ठाऊक. आई गेल्यावर पुण्यानुमोदनाला आलीस तेव्हा बरणीतलं उरलेलं येसर वास घ्यायला म्हणून घेऊन गेलीस. आता तो वास कुठवर गेला ते कळलं.

आणि ऐक, केवळाबाईही आली होती. आपल्या घरच्या लग्नाला यायची, पण तुमच्या हातचं शिजलेलं नको, कोरडा शिधा द्या म्हणायची, तीच. आई तिला हसून शिधा बांधून द्यायची आणि मग चुलीपुढं किती वेळ नुसते निखारे सारत बसायची. त्या केवळाबाईनं त्रिकोणाची वाटी दोनदा मागून घेतली. “लई दिसानं आसं खाल्लं बगा,” म्हणाली. मला हसू येत होतं आणि रडूही.

मग उज्वलानं पाकिटावर यायचं चित्र दाखवलं. नऊवारीतली, नथ घातलेली आजी, कपाळावर मोठं कुंकू, मागं तुळशीवृंदावन. खाली लिहिलेलं, आजीच्या हातचं. ही आजी बघून विश्वास वाटतो का, असं तिनं विचारलं. सगळ्यांनी हो म्हटलं. रूपाली, ही कुणाची आजी? हे चित्र ठरलं तेव्हा तू तिथं बसली होतीस का?

उज्वला पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, म्हणून हे पत्र. तिच्याबरोबर आणखी एक चित्र पाठव. पांढऱ्या साडीतली आई, मोकळं कपाळ, खाली नाव नागुबाई. आत तेच येसर. आणि विचारायला लाव, सगळ्यात आधी केवळाबाईला, की हे घ्याल का. ती काय म्हणेल याची मला धास्ती नाही. ते चित्र तू कंपनीच्या साहेबांपुढं ठेवशील का, याचीच आहे.

तुझीच,
अक्का